हिरव्या खुणेची मेल

रक्तपेढीत नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळं रुग्णालय भिंगताई म्हणायचं. त्यांच्या चष्म्याच्या काचा जाड होत्या हे एक कारण. पण खरं कारण निराळं होतं. पूर्वी पेढीत येणारी प्रत्येक मेल त्या पडद्याला नाक लावून वाचायच्या. मजकुराच्या आधी पाठवणाऱ्याचा पत्ता, अक्षर न् अक्षर. कुणी 'अतितातडीचे' असं लाल रंगात लिहिलेलं दिसलं की ताई मुद्दाम आणखी सावकाश वाचायला लागायच्या. अकरा वर्षांत त्यांनी तीसेक बनावट मेल नुसत्या नजरेनं पकडल्या होत्या. संगणक विभागातले दादा, ढेरपोटे आणि सदा धापा टाकणारे, स्वतःला शंका आली की जिना चढून वर यायचे आणि म्हणायचे, "ताई, जरा भिंग लावा बरं याला."

मग दोन वर्षांपूर्वी 'राखणदार' आला. राखणदार म्हणजे कुणी माणूस नव्हे, मेल तपासणारी यंत्रणा. आलेल्या प्रत्येक मेलच्या डोक्यावर तो खूण करायचा: लाल म्हणजे हात लावू नका, पिवळी म्हणजे सांभाळून, हिरवी म्हणजे बिनधास्त उघडा. पहिले काही महिने ताईंनी जुनी सवय सोडली नाही. हिरवी खूण असली तरी त्या वाचायच्याच. त्यात एकदा घोळ झाला. दुर्मीळ रक्तगटांच्या दात्यांची जी संस्था होती, तिची एक मेल ताईंना खटकली. त्यांनी दोन तास ती अडवून धरली, फोनाफोनी केली, आणि निघाली ती अगदी खरी. पेढीच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर झापलं.

"यंत्रानं हिरवी दिलीये ना? मग तुमची नजर काय यंत्राहून तेज आहे?"

सगळे हसले. ताईही हसल्या, पण कान गरम झाले होते. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. आणि खरं सांगायचं तर राखणदार चुकतही नव्हता. महिन्याला शंभर-दीडशे खोट्या मेल तो दारातच अडवायचा. हळूहळू ताईंचं वाचणंच सुटलं. नजर आधी रंगावर जायची, रंग हिरवा दिसला की बोट आपसूक दाबलं जायचं. दादांनीही जिना चढणं सोडलं.

त्या मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी एक मेल आली. दात्यांच्या संस्थेची. 'आदरणीय महोदया, आपल्याकडील दुर्मीळ गटांच्या दात्यांची यादी अद्ययावत करण्यासाठी सोबतचा तक्ता कृपया उघडावा.' खाली संस्थेचं चिन्ह, वर हिरवी खूण.

ताईंचं बोट थांबलं.

ते का थांबलं हे त्यांना पुढे कित्येक दिवस अगदी लख्ख आठवत राहिलं. संस्थेतून नेहमी मेल पाठवणारी बाई कधी 'आदरणीय' वगैरे लिहायची नाही. तिच्या मेल म्हणजे तारा असायच्या: 'ताई, आकडे पाठवा. आजच.' शिवाय पत्त्यात कुठंतरी एक अक्षर जास्तीचं वाटलं. वाटलं एवढंच, कारण ते मोजायला त्या वाकल्याच नाहीत. समोर रक्त द्यायला आलेले दोघं फॉर्म घेऊन उभे होते. ताईंनी पुन्हा वर पाहिलं. हिरवी. आपण पुन्हा दोन तास अडवून बसणार, पुन्हा सगळ्यांसमोर हसं होणार. राखणदारानं पाहिलंय ना, मग झालं. त्यांनी तक्ता उघडला. तो रिकामा होता. "पाठवणाऱ्यानंच गडबड केलेली दिसते," असं पुटपुटून त्यांनी पहिला फॉर्म हातात घेतला.

दहा वाजून वीस मिनिटांनी पेढीतले सगळे पडदे एकदम काळे झाले. मग त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच मजकूर उमटला: तुमच्या सगळ्या फायली आमच्या ताब्यात आहेत.

थोड्या वेळानं दादा जिना चढून वर आले. बऱ्याच दिवसांनी चढले होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. "सगळं गेलं. पेढी, प्रयोगशाळा, नोंदणी, सगळं. आपण फायलींची जी राखीव प्रत ठेवतो तीही त्याच जाळ्याला जोडलेली होती, तिलाही कुलूप बसलं. सुरुवात या मजल्यावरून झालीये."

ताई उठून उभ्या राहिल्या. "मी उघडली," त्या म्हणाल्या. "नऊ वाजून दहा मिनिटांनी. संस्थेच्या नावाची होती."

"हिरवी होती?"

"हिरवी होती."

"मग तुम्ही काय करणार?" दादा म्हणाले. मोठे डॉक्टरही धावत आले होते, तेही तेच म्हणाले. "हिरवी होती ना? मग तुमचा काही दोष नाही, ताई. बसा तुम्ही, पाणी घ्या."

ताई खाली बसल्या. पाण्याचा पेला समोर आला. तो त्यांनी उचलला नाही. 'पण मला दिसलं होतं' हे शब्द जिभेपर्यंत आले आणि तिथंच अडकले. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

प्रसूती विभागाच्या सिस्टर होत्या. "भिंगताई, आपली ती लाखातल्या गटाची बाई आलीये. आठवा महिना. सकाळपासून रक्त जातंय, थांबत नाहीये. दोन पिशव्या लागतील, लगेच."

लाखातला गट हे पेढीतल्या लोकांनी ठेवलेलं नाव. लाखात एखाद्याचंच रक्त तसं असतं. त्या माणसाला इतर कुठलंही रक्त चालत नाही. एरवी कुणालाही चालणारा ओ निगेटिव्हसुद्धा चालत नाही. दिला तर तेच विष होतं. ही बाई पहिल्या तपासणीपासून ताईंच्या माहितीतली होती. पुढच्या आठवड्यात तिला आधीच दाखल करून घ्यायचं, त्याच सुमारास यादीतून दोन दाते निवडून बोलवायचे, असं सगळं ठरलेलं होतं. कॅलेंडरवर तारखेभोवती वर्तुळ ताईंनीच केलं होतं. पण रक्तस्राव काही तारीख बघून येत नाही.

"पेढीत त्या गटाची एकही पिशवी नाही," ताई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

"मग दाते बोलवा की! यादी आहे ना तुमच्याकडे?"

यादी. सतरा नावं. सतरा पत्ते, सतरा फोन. ती यादी त्या काळ्या पडद्यामागं होती.

मोठ्या डॉक्टरांनी संस्थेला फोन लावला. संस्थेकडे नुसते आकडे होते, कुठल्या पेढीत किती दाते एवढंच. नावं-पत्ते ज्या त्या पेढीकडेच राहायचे, गुप्ततेचा नियम होता तसा. इतर शहरांत चौकशी केली. सहा तासांच्या अंतरावर एक पिशवी होती. ती निघाली, पण सहा तास म्हणजे सहा तास. आणि प्रसूती विभागाचं म्हणणं होतं की एवढा वेळ नाही. हाताशी रक्त नसताना पोट उघडलं तर आई टेबलावरच जाईल. नाही उघडलं तर बाळ.

"जुनी वही कुठाय?" प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाईंनी विचारलं. तीस वर्षं नळ्या हाताळलेल्या त्या बाईंचा आवाज कधी चढत नसे. आज चढला होता.

"वही नेली," ताई म्हणाल्या. "राखणदार आला तेव्हाच नेली. सगळं संगणकात चढवल्यावर कागद कशाला, म्हणून."

त्यांनी डोळे मिटले. वही गेली तरी ती त्यांनीच हातानं लिहिलेली होती. वर्षानुवर्षं त्याच नावांखाली त्यांनी तारखा टाकल्या होत्या. पान आठवायचा प्रयत्न केला. वरती शिंपी, डाव्या कोपऱ्यात. त्याच्या खाली घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. मग पोहायला शिकवणारी बाई. पुढं सगळी अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी पुसट. सतरातले तीन. आकडे तोंडानं सांगता येईनात, म्हणून त्यांनी फोन पुढे ओढला आणि बोटांवर सोडून दिलं. बोटांना ठाऊक होतं.

शिंप्याचा नंबर लागला. कुण्या तिसऱ्याच बाईनं उचलला. शिंपी दुसऱ्या देशात मुलाकडे गेला होता, दोन वर्षं झाली. आजोबांच्या घरी सून बोलली. आजोबा गेल्या हिवाळ्यात गेले. "तुमच्याकडून कार्ड आलं होतं वाढदिवसाचं," ती म्हणाली. "यंत्र पाठवत असेल ना ते?" "सांभाळा," एवढं म्हणून ताईंनी फोन ठेवला.

उरली पोहायला शिकवणारी बाई. घंटी वाजली आणि कापली गेली. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा लागलाच नाही.

"आपला नंबर अडवलाय तिनं," दादा म्हणाले. ते दारातच उभे होते, स्वतःच्या फोनकडे बघत. "ताई, आपल्या नंबरवरून बाहेर फोन गेला की समोरच्याच्या फोनवर लाल पट्टी येतेय. 'फसवणुकीची दाट शक्यता.' त्या चोरांनी आपल्या नोंदीतून नंबर काढले आणि सकाळपासून रुग्णालयाच्या नावानं शेकडो लोकांना मेसेज टाकलेत. म्हणून फोनमधल्या यंत्रणेनं आपल्यालाच काळ्या यादीत घातलं."

"तुमच्या फोनवरून लावा. माझ्याकडे द्या."

या वेळी फोन उचलला गेला. मागं पाण्याचा आणि मुलांच्या ओरडण्याचा आवाज होता.

"मी रक्तपेढीतून बोलतेय. तुम्ही चार वर्षांपूर्वी आमच्याकडे..."

"आता दुसऱ्या नंबरवरून का?" बाई तोडून बोलली. "लाज नाही वाटत? माझा फोन मघापासून सांगतोय तुम्ही कोण आहात ते."

"अहो, ऐका, एक बाई..."

"तुमच्याच नावानं येणारं पत्रक आहे माझ्याकडे. 'आमच्या नावाने संशयास्पद फोन आल्यास फोनवरील इशाऱ्यावर विश्वास ठेवा.' ते मी पाळतेय. पुन्हा फोन केलात तर तक्रार करीन."

फोन बंद झाला. ते पत्रक ताईंनी स्वतः लिहिलं होतं. शब्द कसे सोपे ठेवावेत म्हणून दोन दुपारी त्यावर घालवल्या होत्या.

त्यांनी दादांचा फोन परत दिला. घड्याळात पावणेबारा झाले होते. "ती पोहण्याच्या तलावावर आहे," त्या म्हणाल्या. "मी जाते."

"रुग्णवाहिका दोन्ही बाहेर आहेत," मोठे डॉक्टर म्हणाले.

नोंदणीच्या खिडकीबाहेर लाखातल्या गटाच्या त्या बाईचा नवरा मघापासून उभा होता. पार्सलं पोचवणाऱ्या कंपनीचा निळा शर्ट, हातात बायकोची चप्पल. चप्पल कुणीतरी त्याच्या हातात दिली होती आणि ती कुठं ठेवावी हे त्याला सुचलं नव्हतं. "माझी व्हॅन खाली आहे," तो म्हणाला. "कुठं जायचंय सांगा, मावशी."

व्हॅनमध्ये खोक्यांचा वास होता. मागं न पोचवलेली पार्सलं एकमेकांवर आदळत होती. व्हॅनवाला गाडी हाणत होता, पण बेफाम नव्हे. रोज चाळीस दारं गाठणाऱ्या माणसाचा हात होता तो. सिग्नलला थांबला की स्टिअरिंगवर अंगठा आपटायचा.

"पहिलंच आहे आमचं," तो म्हणाला. "सात वर्षांनी. तिनं सगळं वेळेवर केलं. गोळ्या, तपासण्या. तुमच्याकडे नाव आधीच लिहून ठेवलं होतं ना? ती म्हणायची, नोंदणीच्या मावशी आहेत, काळजी नको."

ताईंनी पदर मुठीत गच्च धरला. दुसऱ्या सिग्नलला त्यांनी सांगून टाकलं. मेल आली ती, यादी गेली ती. आणि जे मोठ्या डॉक्टरांना सांगता आलं नव्हतं तेही. "खूण हिरवी होती. पण मला शंका आली होती. मी थांबले होते. मग उघडली."

सिग्नल सुटला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. व्हॅनवाल्यानं गाडी पुढं घेतली. त्याच्या जबड्याचं हाड वरखाली झालं. त्यानं पुढचा चौक ओलांडला. मग म्हणाला, "डावीकडे की सरळ?"

"सरळ. पुलाखालून."

तलावाच्या दारातली तिकीटवाली त्यांना आत सोडेना. ताई तिच्याशी बोलत बसल्या नाहीत, आडवा दांडा ओलांडून आत शिरल्या. बावन्न वर्षांच्या बाईला तसं करताना तिकीटवालीनं याआधी कधी पाहिलं नसावं; ती ओरडायचंही विसरली. आतल्या दमट उष्ण हवेनं चष्म्यावर वाफ धरली. काही दिसेना. चष्मा काढावा तर त्याहून दिसेना. ओल्या फरशीवर हात पुढे करून त्या पाण्याच्या आवाजाकडे चालत राहिल्या.

"ओ बाई! चप्पल काढा आधी! कोण पाहिजे?"

तोच आवाज. ताईंनी चष्मा पदरानं पुसला. काळ्या पोहायच्या पोशाखातली उंच बाई, गळ्यात शिट्टी, पाण्यात दहाबारा मुलं कठड्याला धरून पाय आपटतायत.

"मीच ती," ताई म्हणाल्या. "मघाशी फोन केला ती."

बाईचा चेहरा एकदम आवळला. तिनं मुलांना पाण्याबाहेर यायला सांगितलं आणि बाकावरचा फोन उचलला. "आता इथवर? मी पोलिसांना बोलावतेय."

"बोलवा. पण आधी माझं तोंड बघा."

"मी चार वर्षांपूर्वी आले होते, तेही दोनदाच. मला कुणाचं तोंड आठवत नाही." तिनं ताईंच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं. "असली कार्डं कुणीही छापतं."

खरं होतं. ताईंच्या हातात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. मागं व्हॅनवाला उभा होता, अजून चप्पल हातात. त्याचा श्वास त्यांना ऐकू येत होता. त्यांना रडू फुटायच्या बेतात होतं आणि रडून भागणार नव्हतं.

"तुमच्या डाव्या हाताची शीर सापडत नव्हती," ताई एकदम म्हणाल्या. "दोनदा सुई फुकट गेली. तपासनीस बाई घाबरल्या, तर तुम्ही म्हणालात, 'अहो, तळ्यात मासासुद्धा याहून लवकर सापडतो.' मी इतकी हसले की माझ्या हातून फॉर्मवर शाईचा डाग पडला. तुम्ही म्हणालात, राहू द्या, तो डागच माझी सही समजा. आणि तुमच्या उजव्या मोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर आला होता. तुम्ही पाय दुसऱ्या पायाखाली लपवत होतात."

बाई हातातल्या फोनकडे बघत राहिली. मग तिनं मान वर केली. पाणी तिच्या केसांतून हनुवटीवर ठिबकत होतं.

"मोज्याचं त्या चोरांना कुठून कळणार," ती हळूच म्हणाली. मग व्हॅनवाल्याकडे पाहून, "यांची कोण ती बाई?"

"बायको," तो म्हणाला.

तिनं शिट्टी गळ्यातून काढून दुसऱ्या शिक्षकाच्या हातात कोंबली. ओल्या अंगावरच झगा चढवला. व्हॅनमध्ये खोक्यांवर बसून ती आली, आणि सारा रस्ता स्वतःच्याच फोनला शिव्या देत आली. "तीनदा कापला मी. तीनदा! किती वेळ गेला त्यात?"

परतायला सव्वा वाजला. तपासनीस बाईंनी सगळी तयारी हातानं करून ठेवली होती. यंत्रं बंद होती, म्हणून जुन्या काचेच्या नळ्या, रक्त घुसळून वेगळं करणारा जुना फिरकीचा डबा, भिंतीवरचं घड्याळ. रक्त काढलं. या वेळी शीर पहिल्याच सुईला सापडली. कुणीही हसलं नाही. मग तपासण्या. रोगाच्या तपासण्या टाळता येत नाहीत, जुळणी टाळता येत नाही. एका मिनिटाची घाई केली तर सगळं मुसळ केरात. ताई तपासनीस बाईंच्या मागं उभ्या राहून सेकंद मोजत होत्या. मध्येच प्रसूती विभागातून फोन आला. मोठ्या डॉक्टरांनी घेतला, "हं" म्हणाले, ठेवला. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली.

बाळाचे ठोके थांबले होते. तेव्हा दीड वाजला होता.

अडीच वाजता ताई स्वतः पिशवी घेऊन जिना उतरल्या. छातीशी धरून, दोन्ही हातांनी. शस्त्रक्रियेच्या दारात सिस्टरनं ती घेतली आणि दार लागलं. तास गेला, दुसरा गेला. सहा तासांच्या रस्त्यानं निघालेली दुसरी पिशवी आली, तीही आत गेली. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. आई वाचली होती. गर्भाची पिशवी काढून टाकावी लागली होती, म्हणजे आता पुढं मूल होणार नव्हतं. मुलगी होती.

व्हॅनवाला भिंतीला टेकून खाली बसला. हातातली चप्पल त्यानं हळूच फरशीवर ठेवली, सरळ, जशी दारात ठेवतात तशी. ताई त्याच्याजवळ जायला निघाल्या. त्यानं मान न उचलता हाताचा पंजा दाखवला. त्या थांबल्या.

चौथ्या दिवशी चौकशी झाली. मोठे डॉक्टर, दादा आणि बाहेरून आलेली एक अधिकारी बाई. राखणदार बनवणाऱ्या कंपनीनं चूक कबूल केली होती; ती मेल अशी काही बेतलेली होती की यंत्रणाच फसली. त्यांनी खेद कळवला होता. ताईंसाठी निवेदन टाइप करून तयार होतं. 'सदर मेलवर सुरक्षिततेची खूण असल्याने ती नेहमीप्रमाणे उघडण्यात आली.' खाली सहीची रेघ.

ताईंनी पेन घेतलं, आणि सही न करता त्याखाली लिहायला लागल्या.

"काय लिहिताय?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"मला शंका आली होती ते."

डॉक्टर खुर्ची ओढून जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, हे कुणी विचारलेलं नाही. त्या एका ओळीनं नोकरी जाईल तुमची. निवृत्तीला आठ वर्षं राहिलीयेत. आणि मिळणार काय त्यातून?"

"काही नाही."

"मग?"

"यात लिहिलंय की यंत्र चुकलं. यंत्र चुकलंच. पण तुम्ही आता नवं यंत्र आणाल, आणि खुर्चीत माणूस बसेल तो माझ्यासारखाच. त्याला दिसेल, आणि तो खुणेकडे बघून गप्प बसेल. मला दिसलं होतं, साहेब. मी हसं होईल म्हणून गप्प बसले. हे कुठंतरी लिहिलेलं असू दे."

हसं हा शब्द ऐकून डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांना तो दिवस आठवला की नाही कोण जाणे. दादा खिडकीबाहेर बघत राहिले. ताईंनी पत्त्यातल्या जास्तीच्या अक्षराबद्दल लिहिलं, 'आदरणीय'बद्दल लिहिलं, आपण किती सेकंद थांबलो तेही लिहिलं, आणि सही केली. अधिकारी बाईंनी कागद फिरवून घेतला, दोनदा वाचला. निकाल लागेपर्यंत कामावर यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. ताईंनी कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

तिथून त्या घरी गेल्या नाहीत. प्रसूती विभागात गेल्या.

ती खिडकीजवळच्या खाटेवर होती. पांढरी फटक, ओठ सुकलेले. शेजारी नवरा स्टुलावर. ताईंना पाहून तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मावशी," ती म्हणाली. "सिस्टर म्हणाल्या, तुम्ही त्या बाईंना पाण्यातून ओढून आणलंत. नाहीतर मीही..." तिनं हात पुढे केला.

ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याची नजर जमिनीवर होती. त्यानं तिला सांगितलेलं नव्हतं. चार दिवस तो ते पोटात घेऊन बसला होता. आता तो उठला नाही, थांबा म्हणाला नाही, बोला म्हणाला नाही.

तो पुढे आलेला हात ताईंना धरवेना. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. व्हॅनमध्ये सांगितलं त्याहून कमी शब्दांत. ऐकता ऐकता तिचा हात चादरीवर परत गेला.

शेजारच्या खाटेवर कुणाचं तरी नवजात बाळ रडायला लागलं. त्याच्या आईनं घाईघाईनं त्याला छातीशी घेतलं, आणि पडदा ओढला.

"यादी असती," ती म्हणाली, "तर रक्त कधी आलं असतं?"

"पावणेएकपर्यंत."

"आणि आलं कधी?"

"अडीचला."

तिनं पुढचं विचारलं नाही. ठोके दीडला थांबले हे तिलाही माहीत होतं. ती छताकडे बघत राहिली. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ते पुसायला तिनं हात उचलला नाही. ताई जायला वळल्या, पण पाय निघेनात. आणि राहावं तर कुठल्या तोंडानं.

तेवढ्यात दुसऱ्याच, नव्या सिस्टर आल्या. "चला, आज उठून बसायचंय. अहो, जरा धरा यांना त्या बाजूनं," त्या ताईंनाच म्हणाल्या. कोण कुणाचं कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ताई वाकल्या आणि तिच्या दंडाखाली हात घातला. दंड लाकडासारखा ताठ झाला. नवरा दुसऱ्या बाजूला आला. दोघांनी मिळून तिला हळूहळू उचललं. अर्ध्यावर आल्यावर तिला चक्कर आली, मान ताईंच्या खांद्यावर पडली. एक क्षण तिथंच राहिली. मग तिनं डोळे उघडले, ती कुणाच्या खांद्यावर आहे ते पाहिलं, आणि मान उचलून नवऱ्याच्या बाजूला नेली.

"धरून ठेवा हं, सोडू नका इतक्यात," सिस्टर म्हणाल्या.

ताईंनी धरून ठेवलं.